हायिल परवानगी मागतो

रविवार, ५ ऑक्टोबर

लागले बाई एकदाची नोकरीला! करक सोडून अम्मानला निघताना आईने रडून घर डोक्यावर घेतलं, पण इन्शिराह मावशीने अश्रफियातल्या तिच्या घरी माझी खोली कधीचीच आवरून ठेवली होती. ऑफिस छोटंसं आहे, माणसं गमतीची. नझमीसाहेब आमचे वरिष्ठ, दिवसभर वेलचीची कॉफी पितात आणि टोमणे मारतात. म्हणाले, करकची मुलगी आणि मन्सफच्या मटण-भाताचं पातेलं न घेता आलीस, नुसती प्रमाणपत्रं काय चाटायची?

काम मात्र झकास. कंपनीत कोणाला आत घ्यायचं नि कोणाला नाही, हे हल्ली क्लाउडवरची खाती ठरवतात. आम्ही काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून त्या दारांना धक्के देतो आणि जे उघडेल ते मालकाला कळवतो. सांगून केलेली चोरी म्हणा ना.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

नव्या माणसाने आधी आपल्याच ऑफिसवर हल्ला करायचा, ही इथली रीत. एक सोपा पासवर्ड मी सगळ्यांच्या खात्यांवर फिरवून पाहिला. सगळे वाचले, हायिल नावाचा एकटाच सापडला. त्याची टर उडवायला त्याचं टेबल शोधत फिरले, तर कळलं की ते टेबल आता माझं आहे. हायिल गेल्या महिन्यात वारला.

त्याची आई रोज सकाळी त्याला ईमेल लिहिते. ते परत आलेलं तिला सोसायचं नाही, म्हणून चाळिसाव्या दिवसाचे विधी होईपर्यंत खातं बंद करायचं नाही असं नझमीसाहेबांनी ठरवलंय. मला गलबलून आलं. पण धंद्याच्या दृष्टीने ही घोडचूकच, आणि तसं मी अहवालात लिहिणार आहे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

नुसता पासवर्ड मिळून भागत नाही. खातेदाराच्या फोनवर विचारणा जाते, ‘आत येऊ द्यायचं का?’ आणि त्याने ‘हो’ दाबावं लागतं. हायिल गाडीला आग लागून गेला आणि फोनही त्याच्याबरोबर जळाला, तेव्हा इथेच सगळं अडणार याची मला खात्री होती. अहवालात तेवढं दाखवायचं म्हणून आज्ञा दिली.

‘हो’ आलं.

उत्तर कुठून आलं तेही पडद्यावर उमटतं. सहाब, असं होतं, अम्मानबाहेरचं गाव. सहाबला आपलं कोण राहतं, असं मी नझमीसाहेबांना विचारलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, तिथे कब्रस्तान आहे, हायिलला तिथेच ठेवलंय.

रविवार, १२ ऑक्टोबर

नझमीसाहेबांनी खातं आज सकाळीच बंद केलं. चाळिसाव्याचं नावही काढलं नाही.

दुपारी माझ्या फोनवर विचारणा आली. हायिल परवानगी मागतोय. आत येऊ द्यायचं का? ठिकाण, अबू अलंदा, सहाबहून शहराकडे येताना लागतं ते. मी ‘नाही’ दाबलं. पुन्हा आली. पुन्हा ‘नाही’. ही युक्ती मला पाठ आहे, आम्हीच वापरतो. विचारतच राहायचं. माणूस कधीतरी कंटाळून ‘हो’ म्हणतो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

नझमीसाहेबांनी आज सांगून टाकलं. हायिललाही अशाच विचारणा येत होत्या, त्याने तपासलेल्या एका मेलेल्या माणसाच्या खात्यावरून. झोप उडाली होती पोराची. शेवटी वैतागून ‘हो’ दाबलं, आणि त्याच संध्याकाळी गाडी जळाली.

 त्यांनी माझा हात घट्ट धरला. “पोरी, काय वाटेल ते होऊ दे, तू हो म्हणू नकोस.”

आम्ही दोघं माझं खातंच पुसायला गेलो. यंत्र म्हणतं, तुम्हाला परवानगी नाही.

ठिकाण आता वहदात, आमच्या अश्रफियाच्या शेजारी. म्हणजे इकडेच येतोय—

मंगळवार, १४ ऑक्टोबर

घरीच आहे. जेवताना, नमाजाला बसले तरी— सारखं तेच. नाही. नाही. नाही. एकदा अंगठा ‘हो’वर गेला होता. देवा, वाचव रे. मला मरायचं नाहीये.

ठिकाण, अश्रफिया.

दगड घेतला आणि फोन ठेचला. लॅपटॉप बादलीत बुडवला.

बुधवार, १५ ऑक्टोबर

काल संध्याकाळपासून काही नाही. झोपले. किती दिवसांनी—

आत्ता मावशी चहा घेऊन आली. माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणाली, “अगं, तो हायिल तुझ्याच ऑफिसातला ना? सकाळपासून माझ्या फोनवर विचारतोय बिचारा, येऊ का म्हणून. असं कुणाला दारात ताटकळत ठेवतात का? मी हो म्हटलं.”

ट्रेमध्ये तीन पेले आहेत.

ती दाराकडे निघालीये. मावशी, नको— ओरडतेय मी, पण ती हसतेय, झग्याला हात पुसत— कडी—

जळक्या रबराचा वास ये