गॅलरीचा पास

मी, ॲड. सुखदेव डोमाजी धकाते, वय एकाहत्तर, धंदा वकिली, मधे काही महिने आमदार, राहणार बेसा, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. जन्मभर इतरांची मृत्युपत्रे मीच लिहिली, म्हणून स्वतःसाठी दुसरा वकील केला नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. बेसा येथील फ्लॅट व बँकेतील ठेवी मुलगी हर्षा हिला. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. जिल्हा न्यायालयातील माझे टेबल, कपाट आणि पुस्तके माझी ज्युनिअर ॲड. कामिनी हिला. आमदार होताच मी सगळी अशिले तिच्या गळ्यात टाकून गेलो. पडून परत आलो तेव्हा तिने माझी खुर्ची पुसून पुढे केली, टोमणा मारला नाही.

३. दारावरची 'माजी आमदार' ही पाटी काढावी. ती पाहून लोक अजून बदल्यांची कामे आणतात. पक्षाकडून हार आल्यास घ्यावा, भाषण करू देऊ नये.

४. नागपुरातल्याच टिमकी या विणकर वस्तीतल्या घरातील माझा हिस्सा थोरले बंधू ईश्वरदास (दादा) यांना. त्यांनी माग चालवला म्हणून मी लॉ कॉलेजात गेलो. त्या घरात कित्येक वर्षांत मी पाऊल टाकलेले नाही. कारण सांगतो.

पोटनिवडणुकीत निवडून आलो, आणि माझ्या वाट्याला एकच हिवाळी अधिवेशन आले. विणकरांना सूत मिळत नाही, यावर मी प्रश्न टाकला होता. तो ऐकायला दादा स्वतः विणलेले धोतर नेसून प्रेक्षक गॅलरीत बसले. त्याच सकाळी पक्षाचा आदेश आला, भलत्याच विषयावर गोंधळ घाला. मीही अध्यक्षांसमोर धावलो, घसा फुटेस्तोवर घोषणा दिल्या. कामकाज तहकूब झाले. माझा प्रश्न पुकारलाच गेला नाही. कोर्टात आयुष्यभर तारखा मागितल्या, इथे पुढची तारीख मिळालीच नाही. सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक मी हरलो.

त्या संध्याकाळी टिमकीला गेलो. दादा म्हणाले, "मले वाटलं तू बोलशीन. तू तं ओरडून राहिला होता गा."

वच्छलावहिनी म्हणाल्या, "अजी, जेवू तं द्या त्यायले."

मी पक्षाची बाजू मांडू लागलो. दादा उठून मागावर जाऊन बसले. तेव्हापासून बोलणे बंद आहे. हर्षा म्हणते, "बाबा, आत्ताच जा ना." दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आलो. याचे मला फार वाईट वाटते.

५. माजी सदस्य वारला की पुढच्या अधिवेशनात शोकप्रस्ताव येतो. माझी माहिती मागतील. हर्षाने पहिले वाक्य हेच द्यावे: "टिमकीचे हातमाग विणकर ईश्वरदास धकाते यांचे हे धाकटे भाऊ." त्या दिवसाचा गॅलरीचा पास दादांच्या नावे काढावा. अधिवेशन मुंबईत असले तर तिकडे न्यावे. त्यांचे गुडघे दुखतात, खालची बर्थ घ्यावी. ते नाही म्हणतील, तेव्हा वहिनींना मधे घालावे.

शोकप्रस्तावाला सगळे सभागृह उभे राहते आणि कोणीही ओरडत नाही. दादांनी मला तिथे एवढे एकदा पाहावे.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली.

सही: सु. डो. धकाते

आमच्यासमक्ष सही झाली:
१. ॲड. प्रशिक गजभिये
२. मेघा पौनीकर, शेजारी

नागपूर, १४ ऑक्टोबर २०२५