ण नसलेलं भाषण

आगाशी, ता. वसई
१२ ऑगस्ट १९९६

ती. संपदाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचा पत्ता वाचून तू भावोजींना हाक मारली असशील, की अहो ऐका, आपला सुमेध आता आगाशीला निघाला. मी निघालो नव्हतो गं. अर्नाळ्याचा किल्ला बघायला आलो होतो. होडीवाल्याशी गप्पा मारता मारता होडी सुटली, मग परतीची बस सुटली, आणि आगाशीच्या बाजारात सुकेळी खात उभा असताना बॅप्टिस्टकाका भेटले. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवून पानात बांधलेली केळी. एक खाल्लीस तर सांगलीचे बेदाणे विसरशील. तर या काकांची केळीची वाडी आहे. त्यांनी राहायला खोली दिली, मी पाटाचं पाणी सोडायला लागलो, आणि बघता बघता सात आठवडे झाले.

आता मुख्य गोष्ट. मी मास्तर झालोय! हसून झालं की पुढे वाच. काकांची बायको मटिल्डाबाई इथल्या शाळेत शिकवतात. वक्तृत्वाचे सर आजारी पडले आणि नोव्हेंबरात तालुक्याची वादविवाद स्पर्धा. मटिल्डाबाईंनी मुख्याध्यापिका आग्नेसबाईंना सांगितलं की आमच्या वाडीवर एक मुलगा आहे, तो बारावी नापास आहे, पण केळीच्या झाडांशीसुद्धा बोलतो. शाळा सुटल्यावर रोज एक तास, एवढंच काम.

विषय आलाय, 'नळ आल्यावर विहिरींची गरज उरत नाही'. प्रत्येक शाळेचा एकच वक्ता. आमच्या वाट्याला विरोधी बाजू आली, म्हणजे आम्ही विहिरीचे. वर्गात खरी बोलणारी एकच, नववीतली जयवंती, अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली. परवा म्हणाली की विहीर रुसली तर उपसून समजूत काढता येते, नळ रुसला तर कुनाच्या पाया पडायचं. 'कुनाच्या' असंच म्हणाली. तिच्या तोंडात ण नाहीच. पाणी म्हणजे पानी, कोण म्हणजे कोन. आग्नेसबाईंनी स्पष्ट बजावलंय की दिवाळीच्या सुट्टीआधी तिचा ण सुधारला तर ती जाईल, नाहीतर हर्षवर्धन. हा दहावीतला, आचोळ्याच्या नव्या इमारतीत राहायला गेला तरी शाळा न सोडलेला, घड्याळासारखा बोलणारा मुलगा. जयवंतीला जायचंच आहे. मला म्हणाली, सर, मला आजवर कुनी माइकसमोर उभं केलं नाही.

तू मराठीची बाई. ण कसा शिकवतात, तेवढं कळव. भावोजींना नमस्कार, पिल्लाला पापा.

तुझा, सध्या तरी एकाच पत्त्यावरचा,
सुमेध


सांगली
२२ ऑगस्ट १९९६

चि. सुमेध यास,
अ. उ. आ.

पत्र पोचले. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या एकतीस चुका आहेत. मी लाल पेनने खुणा करून पत्र जपून ठेवले आहे. ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळत नाही तो दुसऱ्याचा ण सुधारणार! हे तर म्हणाले की त्या शाळेचे धैर्य मोठे आहे. आई मात्र खूश आहे. शेजारी सांगून आली की आमचा सुमेध हायस्कूलला असतो. कोणत्या कामावर ते तिने सांगितले नाही.

आता ण. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि सोडायची. बाण, पणती, फणस, चणे असे शब्द रोज म्हणून घे. घाई करू नकोस. आणि मुलीला हसू नकोस. माझ्या वर्गात एक मुलगी ळ चा ल करायची, मी चारचौघांत दुरुस्त केले, ती वर्षभर बोलली नाही. मला ते अजून आठवते.

तुझ्या खोलीत पांघरूण आहे का? पुढचे पत्र आगाशीहूनच आले तर आशीर्वाद दुप्पट समज.

तुझी,
संपदा


आगाशी
१९ सप्टेंबर १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दुप्पट आशीर्वाद आधी मिळाले असते तर बरं झालं असतं. घोटाळा झालाय.

महिनाभर मी आणि जयवंती अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सराव करत होतो. तिथे बांबूंवर बोंबील वाळत घालतात. दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून टांगलेले, सगळ्यांची तोंडं उघडी. मी तिला सांगितलं, हे तुझे श्रोते, इतकं तोंड उघडं ठेवून तुला पुन्हा कुणी ऐकणार नाही. ती म्हणाली की सर, हे टाल्या वाजवनार नाहीत. ळ चा प्रश्न मी आत्ता काढला नाही. बाण, पणती, फणस. बाण, पणती, फणस. तिची आई मासळी उलटवता उलटवता म्हणायची की मास्तर, फनस द्यायचा तर एकदाचा देऊन टाका पोरीला.

आणि एके दिवशी आला गं ण! खणखणीत. मी वाळूत उडी मारली. पण तो आला तो थांबेचना. पुरात बांध फुटावा तसा. जिथे न होता तिथेही शिरला. काल आग्नेसबाईंसमोर रंगीत तालीम होती. जयवंती उभी राहिली, हात जोडले, आणि म्हणाली, 'सण्माणणीय परीक्षक, माझं णाव जयवंती. मणुष्याच्या जीवणात...'

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत पोरं लोळली. हर्षवर्धन हसला नाही, हे त्याच्या नावावर मांडायला हवं. जयवंती भाषण संपवून बसली. पूर्ण संपवून. आग्नेसबाईंनी वहीत तिचं नाव खोडलं आणि माझ्याकडे बघितलं, आणि ताई, तसं मला बारावीच्या निकालानेही बघितलं नव्हतं.

तिचा न तरी शाबूत होता, तोही मी घालवला. आज ती वर्गात तोंडच उघडेना. व्हिन्सेंट नावाचा माझा दोस्त टेम्पोतून फुलं घेऊन जातो, तो पुढच्या आठवड्यात गोव्याला निघालाय आणि पुढे जागा रिकामी आहे. मी इथे राहून आणखी काय बिघडवू?

तुझा,
सुमेध


सांगली
२९ सप्टेंबर १९९६

चि. सुमेध यास,
अ. उ. आ.

सण्माणणीय सुमेध, तुझे पत्र वाचून मी स्टाफरूममध्ये इतकी हसले की शिपाई पाणी घेऊन आला. हसून झाल्यावर राग आला तो असा. तू टेम्पोत बसलास तर ती मुलगी जन्मभर समजेल की तिच्या जिभेमुळे सर पळून गेले. तू सायकल दुरुस्तीचे दुकान सोडलेस, आयटीआय सोडलेस, नाशिकची बेकरी सोडलीस, आम्ही काही म्हटले नाही. सायकलीला वाईट वाटत नाही. हिला वाटेल. व्हिन्सेंटला म्हणावे, फुले ने आणि सुखरूप ये.

दुसरे असे. जो ण येत नाही तो टाळता येतो. तीन संध्याकाळी बसून मी एक भाषण लिहिले आहे, सोबत पाठवत आहे. त्यात एकही ण नाही. हसू नकोस, करून बघ. 'आणि' गेले, 'पण' गेले, 'म्हणून' गेले, 'कोणी' गेले, पाणी तर पहिल्याच ओळीत गेले. सुरुवात बघ:

'मित्रहो, जल हेच जीवन. नळातून जल आले, तरी विहिरीचे मोल कमी होत नाही. ज्या गावाने विहीर बुजवली, त्या गावाने स्वतःची तहान परक्या हाती दिली.'

हे म्हणतात की मी वेडी झाले आहे. त्यांनी भिंग घेऊन ण शोधला, सापडला नाही. मुलीला हे पाठ करायला दे. तिला तिचा न परत मिळेल आणि बाईंना तक्रारीला जागा राहणार नाही.

तुझ्यावर माया आहे, भरवसा अजून विचाराधीन आहे.
संपदा


आगाशी
२१ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हिन्सेंट एकटा गेला. जाताना मला भित्रा म्हणाला, म्हणजे उलटंच.

भाषण मिळालं. भावोजींचं भिंग बदलायला सांग. शेवटची ओळ, 'मी आपली सदैव ऋणी आहे'. जयवंतीने पहिल्या वाचनात बोट ठेवलं. इतक्या दिवसांनी तिच्या तोंडून शब्द फुटला तो तुझी चूक दाखवायला! 'ताईंचा एक राहिला,' असं म्हणाली आणि पोट धरून हसली. तुझ्या भाषणाचा तेवढाच उपयोग झाला.

कारण पुढे ती म्हणाली की हे मी बोलनार नाही. मी विचारलं, का? म्हणे माझ्या आईने जल कधी भरलं नाही. तिने पानी भरलं, पहाटे, दोन हंडे डोक्यावर, एक कमरेवर. तहान लागलेलं मानूस जल मागत नाही. मी म्हटलं, अगं, पण ण? तर म्हणे, ज्याला विहिरीसाठी भांडायचंय त्याने विहिरीतल्या वस्तूचं नाव तरी घरचं घ्यावं.

तुझी मेहनत फुकट जाऊ नये म्हणून भाषण हर्षवर्धनला दिलं (ऋणी खोडून). शुक्रवारी आग्नेसबाईंनी शेवटची तालीम ठेवली. हर्षवर्धन अप्रतिम बोलला, जल, नीर, सगळं जागच्या जागी. मग मी बाईंना म्हटलं की स्पर्धेत प्रतिस्पर्धी उलटतपासणी करतात, तर त्याला कुणीतरी प्रश्न विचारावेत. जयवंती उठली.

तिने दोनच प्रश्न विचारले. तुझ्या आचोळ्याच्या इमारतीत नळ कोरडा पडला की काय करता? तो म्हणाला, टँकर येतो. तो टँकर कुठे भरतो? हर्षवर्धन प्रामाणिक मुलगा. म्हणाला की माहीत नाही. जयवंती म्हणाली, मला माहीत आहे, आमच्या गावातल्या विहिरीवर. उपसून उपसून आजीची विहीर दोन वर्षांपासून खारट झाली, तिचं गोड पानी तुमच्या चौथ्या मजल्यावर गेलं. तू विहिरीच्या बाजूने बोलतोयस, आनि तुला विहीर ठाऊक नाही.

वर्गात कुणी लोळलं नाही. हर्षवर्धनच पहिला म्हणाला की बाई, हिने जावं, मी हिला आकडे काढून देतो. आग्नेसबाईंनी वही उघडली. मग म्हणाल्या की उच्चाराला शंभरात दहा गुण आहेत, ते गेले असं समज आणि उरलेल्या नव्वदात काय करायचं ते कर. आणि खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं.

स्पर्धा ३० नोव्हेंबरला. दिवाळीला येत नाही. आईला सांग, शाळेचं काम आहे. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहितोय.

तुझा,
सुमेध


सांगली
१ नोव्हेंबर १९९६

चि. सुमेध यास,
अ. उ. आ.

'ऋणी' वाचून हे जेवताना तीनदा हसले. मी बोलत नाही आहे त्यांच्याशी.

मुलीचे म्हणणे मला आधी लागले, मग पटले. पण दहा गुण सोडून देणे मला पटत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत अर्ध्या गुणाने नंबर जातात, मी स्वतः घालवला आहे. पहिल्या दोघांनाच ठाण्याला जिल्ह्याच्या फेरीला नेतात ना? तिला विचार, परीक्षकांनी पहिल्याच ओळीला पेन उचलले तर ती काय करणार आहे.

चकल्या पाठवत आहे. बॅप्टिस्टकाकांच्या घरीही दे, एकट्याने संपवू नकोस.

तुझी,
संपदा


अर्नाळा
१ डिसेंबर १९९६

आदरणीय संपदाताईंना,
सा. न. वि. वि.

मी जयवंती. आपली भेट नाही, पण तुमच्या चकल्या मी खाल्ल्या आहेत. काल स्पर्धा झाली. सर म्हणाले की मी लिहिलं तर मधेच किल्ला, होडी, पेढे असं काहीतरी घुसेल, तू सरळ लिही. म्हणून मी लिहीत आहे.

तुमचा प्रश्न सरांनी मला वाचून दाखवला होता. परीक्षकांनी पेन उचलले तर काय करणार? मी खूप दिवस विचार केला. हर्षवर्धनदादाने माझे भाषण मोजले. त्यात पाणी हा शब्द एकोणीस वेळा आला.

काल बोलायला माझा नंबर सातवा होता. मी उभी राहिले आणि आधी परीक्षकांनाच सांगितले की माझ्या तोंडून पाणीचं 'पानी' होतं, आमच्या अख्ख्या गावाचं होतं. या भाषणात तो शब्द एकोणीस वेळा आहे. चूक एकच आहे, ती एकोणीस वेळा ऐकू येईल. तेव्हा गुण कापायचे तर कृपया एकदाच कापावेत, आता लगेच कापून घ्यावेत, म्हणजे नंतर सगळ्यांना विहिरीकडे लक्ष देता येईल.

मधले परीक्षक, म्हातारे होते, त्यांनी खरेच पेन उचलले, कागदावर काहीतरी केले, आणि पेन खिशात ठेवले. सभागृह हसले. पण ते हसणे तालमीतल्यासारखे नव्हते. मग मला भीती वाटली नाही. घंटा झाली तेव्हा माझे एक वाक्य उरले होते, ते मी सोडून दिले. सर म्हणतात तेच सर्वांत चांगले वाक्य होते.

मी दुसरी आले. पहिल्या मुलीपेक्षा अर्धा गुण कमी. गुणांचा तक्ता बाहेर लावला होता. उच्चाराच्या रकान्यात मला दहापैकी नऊ होते. आग्नेसबाईंनी चष्मा काढून पुसून तो पुन्हा वाचला आणि मला म्हणाल्या की व्याकरणाच्या चुकांचंही आधीच सांगून टाकायला हवं होतंस. आईला नऊ म्हणजे काय ते कळले नाही, तिने विचारले की एक कुठे गेला. मी म्हटले, तो मीच दिला.

जानेवारीत ठाण्याला जायचे आहे. विषय तोच, पण तिथे बाजू चिठ्ठीने ठरते. नळाची बाजू आली तर मला नळाचे बोलावे लागेल. सर दोन्ही बाजूंनी बोलतात, पण तिसऱ्या मिनिटाला भलत्याच विषयावर जातात. हर्षवर्धनदादा माझ्याशी भांडायला लाजतो. म्हणून तुम्हाला विनंती आहे. भाषण पाठवू नका. तुम्ही नळाच्या बाजूने माझे सगळे मुद्दे खोडून पाठवा. माझे वय बघू नका, कडक खोडा. मी उत्तरे पाठवीन, ती परत खोडा.

माया करायला पुष्कळ वेळ आहे, ताई. आधी मुद्दे पाठवा.

आपली प्रतिस्पर्धी,
जयवंती