परत आलेला कॅमेरा

ती. काका,

हे पत्र तुम्हाला वाचून दाखवणारी मीच, म्हणून ते पाठवणार नाही.

तुमच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी वेबसाइटवरून परदेशात विकलेला तुमचा जुना कॅमेरा गिऱ्हाइकाने 'सदोष' म्हणून परत पाठवला. खोक्यात त्याच बनावटीचा, पण गंजलेला, दुसऱ्याच क्रमांकाचा कॅमेरा निघाला. क्रमांकाचा फोटो, पॅकिंगचा व्हिडिओ, वजनाची पावती, सगळं मी वेबसाइटला पाठवलं. त्यांचं म्हणणं, खोकं परत पोचल्याची नोंद आहे, आत काय होतं ते आम्हाला ठरवता येत नाही. पैसे त्या गिऱ्हाइकाला परत गेले. ऑपरेशन सोमवारी आहे आणि मला काहीही सुचत नाही.

आज तुम्ही त्या कॅमेऱ्याची घरी राहिलेली जादा लेन्स घेऊन आलात. म्हणालात, "इंजिनीअरबाई, गिऱ्हाईक खूश आहे ना? मग हीपण देऊन टाक त्याला. घोडा विकल्यावर लगाम घरात ठेवून काय करू?"

मी "बरं" म्हणाले.

तुम्ही चाचपडत लेन्स टेबलावर ठेवलीत, त्या गंजक्या कॅमेऱ्याला अगदी खेटून. तो तुम्हाला दिसला नाही. काका, तुम्हाला दिसत नाही याचं त्या क्षणी मला बरं वाटलं.

तुमची,
इंजिनीअरबाई