शिवरात्रीआधी कापलेला बिगोनिया

आत्या, तुझा बिगोनिया मी कापला. पौषातल्या कडाक्याच्या थंडीत, सगळाच्या सगळा, एका सकाळी. तुला जाऊन सात वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं, ते हे.

आधी नांदेडचं सांगतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षालाच सोडलं. वर्गातला एकजण एका मुलीबद्दल वाकडं बोलला, मी त्याला जिन्यातच हाणला, सरांनी माफी मागायला सांगितली तर वही तिथंच टाकून घरी आलो. त्या मुलीवर माझा जीव आहे, आजही. यंदा थंडीत तिला भेटायला गेलो, तर बसस्टँडवर उभ्याउभ्याच म्हणाली, "मला तुझी भीती वाटते रे. मी काही बोलायच्या आधीच तू भांडून मोकळा. तुला मारामारी करायला मी सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "मग जाऊ मी?" ती म्हणाली, "बघ. हेच." आपलं अहमदपूर येईपर्यंत एसटीत दात आवळून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं वळत नव्हती एवढा गारठा, आणि अंगणात तुझा बिगोनिया पांढऱ्या ठिपक्यांची पानं पसरून, गुलाबी घोस लोंबवत उभा. मला तो बघवला नाही. तुझी कात्री काढली. दहावी पास झालो तेव्हा दिलेली, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली. पाच मिनिटांत कुंडीत नुसते आठ खुंट उरले.

मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही. आत्ताही दिसतंय: मी अकरावीत आहे, दिवाळी नुकतीच झालेली, झाड ऐसपैस सुटलंय म्हणून मी कात्री लावायला जातो आणि तू नर्सरीतल्या कामावरून आलेली, हातातला डबासुद्धा खाली न ठेवता माझ्या मनगटावर चापट मारतेस. "मुडद्या, थंडीत कापतेत व्हय त्याला? जखम भरायला ऊब लागती. तुला उघडं करून हौदात बसवू का?" मग कधी कापायचं, मी विचारतो. "शिवरात्र होऊ दे. बुडाला कोंबाचा तांबडा डोळा दिसला की मग. आन् समदं न्हाई कापायचं. लई जुन्या झालेल्या दोन-तीन काड्या बुडापासून काढायच्या, बाकीच्याला डोळ्याच्या वर बोटभर ठिवून काप द्यायचा. कवळ्याला हात लावायचा न्हाई. एका वर्षात समदं नवं करायला गेलास तर मरतंय ते." अण्णा ओट्यावरून आपल्या थोरल्या बहिणीला हसतात. "आक्का, त्याला शिकवायलीस का मला ऐकवायलीस?" तू त्यांच्याकडं न बघताच म्हणतेस, "दोगाला बी."

तुझं म्हणून घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि मला ते कापून झाल्यावर कळलं. उत्तरेचा वारा लागू नये म्हणून कुंडी चुलीच्या भिंतीमागं सरकवली. आतून चुलीची ऊब, बाहेरून सकाळचं कोवळं ऊन. दोन खुंट काळे पडून मऊ झाले, ते आत हिरवं लागेपर्यंत खाली कापले. अण्णा रोज तांब्या घेऊन यायचे. "घालू का रं पाणी? वाळून चाललंय." "नको अण्णा. पानच न्हाई त्याला, पिणार कशानं? मुळं कुजतील." हे मी म्हणालो खरं, पण आवाज तुझा निघाला. अण्णा तांब्या हातात धरून माझ्याकडं बघतच राहिले. पहिले काही दिवस मी खुंट नखानं खरवडून आत हिरवं आहे का बघायचो, मग तेही बंद केलं, कारण खरवडणं म्हणजे परत जखमच. त्यानंतर करण्यासारखं काही राहिलं नाही. नुसतं थांबायचं. मला ते कधी जमलं नाही, तुला माहीतच आहे. नांदेडला फोनसुद्धा केला नाही.

शिवरात्र होऊन चार दिवस झाले होते. खुंटावर नाही आत्या, खाली मातीतून, तांदळाच्या दाण्याएवढं तांबडं टोक. मला आधी किडा वाटला. दोन दिवसांनी शेजारी आणखी तीन. त्यातल्या एकाचं पान उलगडलं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं, आणि त्यावर ठिपके होते. सगळे. एवढ्याशा पानावर, पंखासारखा एका अंगाला झुकलेला आकारसुद्धा तोच. मी वरचं सगळं छाटून टाकलं आणि हे खाली, मातीत, मी कात्री चालवत होतो तेव्हाही तयारच होत होतं का? मी उकिडवा बसलो तो बसूनच राहिलो. आतून आईनं तीनदा हाक मारली. हात लावायचं धाडस झालं नाही, श्वास सोडायचीसुद्धा भीती वाटत होती.

त्याच दिवशी नांदेडला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "कुणी कापलं होतं?" मी लिहिलं, "मी. रागात." पुढं काही आलं नाही अजून, आणि मीही परत काही लिहिलेलं नाही.

पण आत्या, अण्णांना मी त्या सकाळी शेजारच्या काकूंच्या शेळीनं झाड खाल्लं असं सांगितलं होतं. ते काकूंशी भांडले, दोन महिने झाले बोलत नाहीत, आणि आता कोंब आल्यापासून त्यांनी कुंडीभोवती बाभळीचे काटे रचून ठेवलेत. रोज सकाळी मी ते काटे अलगद बाजूला करतो, कोंब बघतो, आणि ते उठायच्या आत होते तसे परत लावून ठेवतो.