दादाचे रग्बीचे बूट

तीर्थस्वरूप वहिनी,
दूरदेशीच्या आळशी दिराचा साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे. झोप तेवढी येत नाही.

तुम्ही मागितलेले दादाचे रग्बीचे बूट आणायला त्याच्या इथल्या क्लबात गेलो. उन्हाळा असल्याने क्रिकेटचा सामना चालू होता; रग्बी ते हिवाळ्यात खेळतात. दादा वारल्यापासून स्लिपमधली त्याची जागा मोकळीच ठेवतात.

"रिकामी जागा झेल घेते वाटतं?" मी कप्तानाला चिडवलं.

"बघा की."

चेंडू बॅटची कड घेऊन तिकडेच गेला. तळव्यांत बसल्याचा आवाज झाला, अन् तो हवेतच थांबला. पंचाने बोट वर केलं. फलंदाज मुकाट्याने परतला.

आत्मा अमर, हे मी तत्त्वज्ञानाच्या वर्गात आयुष्यभर शिकवलं. तो झेलही घेतो, हे ठाऊक नव्हतं.

लेक अजून बापाची टोपी घालूनच जेवतो का?

रागावू नका, बूट तिथेच ठेवलेत. हिवाळ्यात त्याला लागतील.

तुमचा,
धाकटा दीर