ओकव्हिलपर्यंतचा पल्ला

आई, आपली ती विजेची गाडी अजून आहे. तू इथे कॅनडात, मिल्टनला आलीस त्या उन्हाळ्यात ती नवीकोरी होती. ड्राइव्हवेवर तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारून तू विचारलं होतंस, "हिला पेट्रोल कुठून पाजतात गं?" पेट्रोल नाही, वीज, असं म्हणून मी पुढच्या नाकावरचं झाकण उघडून दाखवलं, तर तू पदर सावरत आत वाकून बघितलंस आणि म्हणालीस, "मग पूजा इथेच." सगळी दुनिया बॉनेटवर स्वस्तिक काढते, तू चार्जिंगच्या झाकणाच्या आत हळदकुंकू लावलंस. चाकांखाली लिंबं ठेवली. समोरचे गोरे आजोबा लॉनला पाणी घालायचं थांबवून बघत राहिले आणि मी गाडी पुढे घेतल्यावर लिंबं फुटली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. तू लावलेलं कुंकू अजून झाकणाच्या कोपऱ्यात आहे. इतक्या हिवाळ्यांचं रस्त्यावर टाकलेलं मीठ आणि बर्फ खाऊनही ते गेलेलं नाही. गाडीतून मात्र दुसरंच काहीतरी गेलंय, आणि ते नेमकं कुठे जातं याच्यामागे मी हल्ली लागले आहे. तू असतीस तर तूही लागली असतीस, म्हणून हे तुला लिहिते.

गाडीचा पल्ला कमी झालाय. तू होतीस तेव्हा एकदा भरली की केंब्रिजला जाऊन परत यायची, आणि वर ओकव्हिलला एक चक्कर मारण्याइतकी वीज उरायची. डॅशबोर्डवर उजव्या कडेला बारीक रेघा आहेत, बॅटरीत अजून किती दम आहे ते सांगणाऱ्या. पहिली रेघ गेली तेव्हा मला वाटलं दिवा गेला असेल. दुसरी गेल्यावर कळलं की दिवा नाही, बॅटरीच. मग एकेक करत गेल्या. केंब्रिज आधी हिवाळ्यात पल्ल्याबाहेर गेलं, नंतर उन्हाळ्यातही. तुझी नात आता तिथेच राहते, तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर आहे, आणि पूर्वी मी तिच्याकडे जायचे, आता तीच माझ्याकडे येते. आल्यावर आधी गाडीकडे बघते, मग माझ्याकडे.

या पल्ल्याची एक गंमत आहे. थंडीत तो निम्म्यावर येतो, कारण बॅटरी गारठते आणि हीटर उरलेलं खातो. पण एप्रिल आला की ते सगळं मुकाट परत मिळतं. वयाने गेलेलं मात्र परत मिळत नाही. आता जानेवारीत डॅशबोर्डवरचा उरलेल्या किलोमीटरचा आकडा खाली आला की त्यातलं थंडीने किती नेलं आणि वयाने किती, हे गाडीत बसून कळतच नाही. त्यासाठी उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागतं. मी दर हिवाळ्यात मनाशी म्हणते, थंडीच असेल.

मागच्या महिन्यात तिला गॅरेजमध्ये नेली. तिथला मेकॅनिक पंजाबी, माझ्याशी हिंदीत बोलतो. त्याने नाकावरचं झाकण उघडलं आणि म्हणाला, "आंटी, यहाँ तो जंग लगा है." मी म्हटलं, "जंग नहीं है, कुमकुम है. उसको हाथ मत लगाओ." त्याने दोन्ही हात वर केले. मग यंत्र जोडून बघता बघता विचारलं, "चार्ज कितना करते हो?" मी जरा अभिमानानेच सांगितलं, रोज संध्याकाळी, सौ पर्सेंट, एक दिवस चुकवलेला नाही. तो म्हणाला, "रोज सौ? किसने बताया?" माझ्या तोंडून निघून गेलं, "मेरी मम्मी ने." तो इतका हसला की त्याला यंत्र खाली ठेवावं लागलं.

पण खोटं काय होतं? तू इथे होतीस तेव्हा दिवेलागणीला तुझा एकच प्रश्न असायचा, "लावलं का गं?" मी ऑफिसातून दमून यायचे, गाडी अर्धी भरलेली असायची, दुसऱ्या दिवशी कुठे जायचंही नसायचं. तरी तू स्लिपर घालून बाहेर जायचीस आणि ती जाडजूड वायर दोन्ही हातांनी उचलून खोचायचीस. सकाळी हिरवे दिवे बघितले की तुझा चहा गोड लागायचा. नागपूरच्या स्वयंपाकघरात तू हेच करायचीस. तांदळाचा डबा, कणकेचा डबा, तुरीच्या डाळीचा डबा, सगळे गळ्यापर्यंत. डबा अर्ध्यावर आला की तुला चैन पडायचं नाही. घरात कोणी अचानक आलं तर, असं म्हणायचीस. आपल्याकडे अचानक येणारं असं होतं तरी कोण, हा प्रश्न मी एकदा विचारला तेव्हा लाटणं माझ्याकडे रोखून म्हणालीस, "तू नको हिशोब शिकवू मला. भरलेलं बरं असते." तू परत गेलीस आणि वायर खोचायचं काम माझ्याकडे आलं. मी ते देवापुढच्या दिव्यासारखं न चुकता केलं.

तर झालं असं की या जातीच्या बॅटरीला तेच सोसत नाही. मी घरी येऊन वाचत बसले. जन्मभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं, दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण गाडीबरोबर आलेलं पुस्तक इतक्या वर्षांत पहिल्यांदा उघडलं. बॅटरीच्या आत बारीक कण एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जात येत असतात. गाडी चालली की इकडून तिकडे, वीज भरली की तिकडून इकडे. दर खेपेला त्यातले थोडे वाटेत अडकतात आणि आतल्या आत एक थर धरतो. पाणी तापवायच्या आपल्या गुंडीत क्षार धरायचा ना, बाहेरून गुंडी तेवढीच पण पाणी कमी मावायचं, तसंच काहीसं. आणि बॅटरी गच्च भरून नुसती उभी ठेवली, तीही उन्हात, तर हा थर लवकर वाढतो. रोजच्यासाठी ऐंशीपर्यंत भरावी आणि अगदी तळाला जाऊ देऊ नये. हे शेवटचं वाचलं आणि मला तुझी दुसरी सवय आठवली. डबा भरण्याआधी तो कधी पूर्ण रिकामा करायची नाहीस. तळाशी मूठभर तांदूळ ठेवायचेच, त्यावर नवे ओतायचे. म्हणजे तळाचं तुझं बरोबर होतं, फक्त गळ्यापर्यंत भरायचं चुकलं. मला हे कळल्यावर इतका आनंद झाला की फोन करून कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्या माणसाला सांगायचं ते माणूसच नाही, हे त्या पाठोपाठ आठवलं.

तुझ्या नातीला सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, दॅट्स क्यूट, बट इट्स डन. लेट इट गो." तिचं म्हणणं असं की भर थंडीत मी रस्त्यात अडकेन. भंगारवाला गाडी न्यायला तयार आहे, बॅटरीचे भाग सुटे करून पुन्हा वापरतात, काही वाया जात नाही. तिचं काही चुकत नव्हतं. पण मला ती गाडी द्यायची नाही. तू इथे बसलेली, चाललेली, बोललेली जागा म्हणून माझ्याकडे आता तेवढीच उरलीय. घर बदललं, सोफा गेला, तुझी खोली होती ते बेसमेंट आता दुसऱ्याच कोणाचं आहे. हे तिला सांगितलं असतं तर माझं वाईट वाटून तिने लगेच ऐकलं असतं, आणि तेच मला नको होतं. मग आमचा सौदा ठरला. तुझ्या तिथीला मी दरवर्षी ओकव्हिलला त्या मोठ्या तळ्याच्या काठी जाते. या वर्षी गाडी एका भरणीत जाऊन परत आली, तर राहील. नाही आली, तर सोमवारी भंगारवाला. "नो चार्जिंग इन बिटवीन," ती म्हणाली. "प्रॉमिस?" मी हो म्हटलं.

परवा निघाले. त्या दिवसापुरती शंभर भरली, तेवढं चालतं असं पुस्तकात आहे. हीटर बंद, अंगात कोट, मांडीवर तुझी शाल, बाजूच्या सीटवर डब्यात गोळाभात. जाताना आकडा जवळजवळ हललाच नाही, मी खूश. मिल्टनहून ओकव्हिलला जाताना हळूहळू उतार आहे, हे इतकी वर्षं इथे राहून मला ठाऊक नव्हतं. माणसाला तो जाणवत नाही, पण गाडीला जाणवतो, आणि ब्रेक लावला की ती थोडी वीज परतही घेते. तळं काठाशी गोठलं होतं. तू आली होतीस तेव्हा इथेच उभं राहून म्हणाली होतीस, "हे तळं? मग पलीकडचा काठ कुठाय?" आणि मग हुंगून, "समुद्र म्हणावं तर वास नाही येऊन राहिला." या वेळीही वास नव्हता. मी थोडा वेळ उभी राहिले, नमस्कार केला आणि नाक गारठल्यावर परत फिरले.

उताराचा चढ झाला, आणि वर समोरून वारा. आकडा असा खाली यायला लागला की मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं, पण न बघता किती वेळ राहणार? अजून ओकव्हिल संपलंही नव्हतं आणि घराचं अंतर जास्त, आकडा कमी. रस्त्याच्या कडेला कम्युनिटी सेंटर दिसलं, पार्किंगमध्ये चार्जर मोकळा होता. आई, मी वळले. नाकावरचं झाकण उघडलं, कुंकवाशेजारी वायर खोचली आणि गाडीत येऊन बसले.

स्टीअरिंगमागे बसून गोळाभात खाता येईना, म्हणून उठून बाजूच्या सीटवर गेले. तुझ्या सीटवर. या गाडीत मी त्या सीटवर कधी बसलेच नव्हते, चालवायचे मीच. तिथून डॅशबोर्डवरचा आकडा दिसतच नाही, मध्ये स्टीअरिंग येतं. दिसतो फक्त रस्ता. मला एवढं हसू आलं. तू सगळ्या प्रवासात पर्स पोटाशी धरून निवांत बाहेर बघत बसायचीस, आणि मला वाटायचं, हिला काळजी कशी ती नाही.

तिथे बसल्या बसल्या आपले रविवारचे फोन आठवले. मी विचारायचे, आज कुठवर फिरलीस? आधी तू पार शहराच्या मध्यापर्यंत, बर्डीला जाऊन यायचीस, मग बाजारापर्यंत, मग देवळापर्यंत. शेवटच्या वर्षी रोज देवळापर्यंतच, पण रोज. "जाऊन आले," म्हणायचीस, अगदी खणखणीत. मला ते ऐकून बरं वाटायचं. तेराव्याला शेजारच्या काकूंनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, देवळाच्या वाटेवर पिठाची गिरणी आहे ना, तिथल्या स्टुलावर तुझ्या आई रोज बसायच्या. जाताना एकदा, येताना एकदा. चांगल्या अर्धा अर्धा तास. काकू म्हणाल्या, गिरणीवाल्याला आणि मला त्यांनी बजावून ठेवलं होतं, लेकीला सांगू नका, उगाच विमानात बसून येईल. काकू रडत होत्या आणि मला तेव्हा रडू आलं नाही, तुझा रागच आला. इतक्या लांबून मला फक्त तो पल्ला सांगितलास, स्टूल सांगितलं नाहीस. परवा मात्र त्या पार्किंगमध्ये रडले, गोळाभाताचा घास तोंडात असताना. राग कुठे गेला कळलं नाही.

मग परत स्टीअरिंगमागे येऊन बघितलं, आकडा घराच्या अंतरापेक्षा मोठा झाला होता, आणि मी निघाले. आता मी रोज ऐंशीच भरते. दिवेलागणीला वायर खोचताना सवयीने शंभरावरच हात जातो, मग आठवतं, आणि फोनवर ऐंशी ठरवून ठेवते. तू ओरडशील हे माहीत आहे. हा कागद गाडीच्या कप्प्यात त्या पुस्तकाखाली ठेवणार आहे, टपालाने पाठवायला तुझा काही पत्ता नाही.

परवा घरी पोचून कोट काढत होते तोच तुझ्या नातीचा फोन आला. "सो? डिड शी मेक इट?" मी म्हटलं, जाऊन आले. खणखणीत म्हटलं. तिला बरं वाटलं, ते तिच्या आवाजात ऐकू आलं. मध्ये कुठे बसले ते सांगितलं नाही.