चमच्याची जागा

५ जानेवारी

हात पुन्हा थरथरला. सगळं वरण ताराच्या गळ्यावर. साडी बदलली.

हात म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, भंगारातल्या वायपरच्या मोटरी, आणि प्रत्येक सांध्यात जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण. बटण किती फिरलं त्यावरून सांधा कुठवर आला ते कळतं. ठरवलेली जागा आली की मोटर थांबायला हवी. थांबत नाही. पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे. प्यायल्यासारखी.

बायकोचे स्नायू वाळत चाललेत. दोन्ही हात गेले. उजव्या पायाचा अंगठा तेवढा चालतो, त्यानं ती हात चालवायची कळ दाबते. मी दिवसभर ऑफिसात. मेहुणा अंगद मागे लागलाय — "दाजी, ताईला माहेरी वाटूरला न्हेतो. दुपारची उपाशी ऱ्हाती." ताराला जायचं नाही. "तिथं दैवशालाच्या हातचं खावं लागंल. भावजय हाय ती. एक दिवस भरवंल, दोन दिवस भरवंल." शेजारच्या मालनबाई ताट लावून द्यायला तयार आहेत. एक तारखेला अंगद येणार. तोवर तारा आपली आपण जेवली पाहिजे.

९ जानेवारी

जागा जवळ आली की वेग कमी करायचा — एवढंच होतं! गाढव मी. आता चमचा धरून ताटापासून ओठांपर्यंत एकदा न्यायचा, की हाताला जागा पाठ.

तारानं पहिला घास घेतला. म्हणाली, "माझी ही सवत बरी हाय. घाई न्हाई करत."

१७ जानेवारी

चमचा नाकाला लागला. बटण ढिलं असणार. भंगारवाल्या कडूबाशी भांडलो, चोर म्हणालो. दुसरं आणलं.

२० जानेवारी

पुन्हा नाक. पुन्हा बटण बदललं.

२६ जानेवारी

सुट्टी. चमचा थांबतो तिथे मागच्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. कितीतरी वेळा हात चालवला. दरवेळी बरोबर खुणेवर.

हात चुकत नव्हता. ताराची मान खाली येत होती.

"मला म्हाईत होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमी बटनं बदलून राह्यले होते. कायतरी दुरुस्त होऊन राह्यलंय, असं वाटत होतं."

मानेचा पट्टा लावून पाहिला. तिला गिळता येईना. काढला. मोरीत जाऊन रडलो. मग चमचा खाली आणून नवी जागा शिकवली.

१ फेब्रुवारी

अंगद समोर बसून बघत होता. तारा वरणात कुस्करलेली अख्खी भाकर जेवली. त्यानं डोळे पुसले. "न्हाई न्हेत, दाजी." जिंकलो म्हणायचं. मालनबाईंनी चहा केला.

तो गेल्यावर तारा म्हणाली, "पुढच्या महिन्याचं आताच शिकवून ठेवा."

मला कळायला वेळ लागला. तिच्या डोक्यावर तळवा ठेवून मान थोडी खाली दाबली. चमचा तिथे आणला, पाठ करून घेतला. अजून थोडी खाली. अजून. शेवटी हनुवटी छातीजवळ आली. "बस," ती म्हणाली.

बायकोचं डोकं असं आपल्याच हातानं खाली दाबायची वेळ कोणावर येऊ नये.

१८ फेब्रुवारी

पाठ करून ठेवलेली शेवटची जागाही संपली. हनुवटी छातीवर टेकलेली, चमचा ओठांत शिरेना. अंगदला मीच फोन लावला. गाडी घेऊन ये म्हणालो.

"ताईला न्यायला?"

"दोघांला."

जावई सासुरवाडीला राहायला आला म्हणून वाटूर हसेल. हसू दे. बिनपगारी रजा टाकलीय, इथलं भाडं झेपणार नाही. तारा म्हणाली, "तुमीच भरवणार असाल तर चला."

हनुवटी उचलायला एक हात लागतो, घास द्यायला दुसरा. मी एकच बनवला होता.